एक वही, अनेक हात

समांतर प्रोग्रामिंग शिकवायला घेतलं की मी वर्ध्याच्या मुलांना आधी मनानेच हिंगणघाटच्या कापूस बाजारात नेतो. क्विंटल म्हणजे 100 किलो, हे कधीच बदलत नाही. हमीभाव हंगामाआधी एकदा जाहीर होतो, मग फलकावरून कुणीही वाचावा. दिवसाची आवक मात्र गाडीगणिक वाढते. वहीतला 500 चा आकडा दोन कारकुनांनी एकाच वेळी वाचला, एकाने 20 आणि दुसऱ्याने 30 मिळवून परत लिहिले, तर 550 ऐवजी 520 किंवा 530 उरतात. एका गाडीचा कापूस गेला, आणि वहीत खाडाखोडही नाही.

गेली चाळीस वर्षं भाषा या तिसऱ्या आकड्याशी झगडताहेत. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या समांतर प्रक्रियांच्या 1978 च्या मांडणीवरून ब्रिटनच्या इनमॉस कंपनीत डेव्हिड मे यांनी 1983 मध्ये ऑकम भाषा घडवली. नियम कडक होता: एक प्रक्रिया ज्या चलात लिहिते, त्याला समांतर चालणाऱ्या दुसरीने हात लावायचा नाही. स्थिरांक सगळ्यांनी वाचावेत, बाकी देवाणघेवाण निरोपांनी. त्याच कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर जोडून पुण्यात सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला. प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी स्वतंत्र, म्हणजे सामायिक वहीच नाही. भटकर अकोला जिल्ह्यातले, नागपुरात शिकलेले. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो.

ती शिस्त पुढे सुटली याचं मला वाईट वाटतं. 1995 च्या जावात स्टॅटिक, म्हणजे सामायिक, चल सगळ्या थ्रेडना, म्हणजे एकाच प्रोग्राममधल्या समांतर धाग्यांना, खुला, आणि कुलूप लावणं प्रोग्रामरच्या आठवणीवर. एकाच प्रोसेसरवर कितीतरी चुका दडून राहिल्या. घरोघरी दोन कोअरचे संगणक आले तशा त्या वर आल्या. त्याहून गंभीर म्हणजे, 2004 मध्ये जावा 5 ने मेमरी मॉडेल दुरुस्त करेपर्यंत एकदाच ठरवायचं 'फायनल' मूल्यसुद्धा दुसऱ्या थ्रेडला आधी शून्य आणि मग खरं दिसू शकत होतं. म्हणजे फलकावरच्या भावाचीही खात्री नव्हती.

2015 मध्ये रस्ट भाषेची 1.0 आवृत्ती आली. तिथे बदलता स्टॅटिक हाताळायचा तर 'अनसेफ' असं लिहूनच. 2023 मध्ये तिच्या लायब्ररीत 'वन्सलॉक' आलं: एकदा भरा, मग फक्त वाचा. हमीभावच तो. आवकेच्या बेरजेसाठी ॲटॉमिक: वाचणं, मिळवणं आणि लिहिणं एका दमात, मध्ये कुणी येऊ शकत नाही.

प्रयोगशाळेत मुलं दोन थ्रेडना दहा-दहा लाख वेळा एक मिळवायला लावतात. वीस लाख होत नाहीत, आणि पुन्हा चालवलं की उत्तर आणखी वेगळं. मग एखादी मुलगी विचारते, "सर, कुठली गाडी गेली?"