तांब्याचा गळा अरुंद का?

मी चित्रकलेचा मास्तर. मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवायचे, तर वस्तुचित्राचा सराव हवा. म्हणून माझ्या वर्गात एक पितळी तांब्या कायमचा मुक्कामाला असे. एकदा एका मुलीने विचारले, "सर, याचा गळा असा अरुंद का हो?"

"दिसतो तसा काढ! नसत्या चौकशा नकोत," मी गरजलो.

ती गप्प बसली. वर्षभर तिने सुरेख चित्रे काढली, पण पुन्हा काही विचारले नाही. मला मात्र ती शहाणी मुलगी वाटली!

पुढे कित्येक वर्षांनी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याचा अहवाल हाती पडला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ही जोडी आपला देश हिंडली आणि १९५८ साली तिने तो सादर केला. इथे पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत थोर वाटला तो आपला साधा लोटा! नुसती स्तुती करून ते थांबले नाहीत. त्यात पाणी किती मावावे? तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरल्यावर तोल कसा राहतो? ओतायला, घासायला कसा? प्रश्नांची माळच त्यांनी लावली. त्याच अहवालाच्या पायावर १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

वाचता वाचता मी ओशाळलो. त्या मुलीने दुसरे काय विचारले होते? 'संकल्पचित्र' म्हणजे चौकोनात पानेफुले भरणे, एवढेच मी शिकवत आलो होतो. त्यातला संकल्प मीच गाळला होता.

दुसऱ्याच आठवड्यात मुलांना घरून भांडी आणायला सांगितले. ती काठोकाठ भरून नळापासून वर्गापर्यंत न्यायची! पसरट पातेल्यातले पाणी जिन्यातच सांडले. तांब्यातले बरेचसे टिकले. "गळा अरुंद, म्हणून पाणी उसळत नाही," एकजण म्हणाला. "मग आणखी अरुंद का नाही?" दुसऱ्याने विचारले. मागच्या बाकावरून उत्तर आले, "घासायला आईचा हात आत जायला नको का?"

मी पाहतच राहिलो. न सांडणे आणि घासता येणे या दोन गरजांची ओढाताण मुलांनी आपणहून हेरली होती.

मग थरथरत्या हातांच्या आजीसाठी पेला करायला सांगितला. एकाने शाडूचा दोन कानांचा नमुना केला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी तो हिरमुसून आला. "आजीची बोटं कानात शिरतच नाहीत!" पण संध्याकाळपर्यंत मोठ्या कानांचा दुसरा नमुना तयार होता. नापास झाल्याचे दुःख एवढ्या लवकर विसरलेला विद्यार्थी मी आधी पाहिला नव्हता.

त्या पहिल्या मुलीला आता उत्तर देता येईल. पण ती कुठे असेल, कोण जाणे!

वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी तुमच्या चिरंजीवाने तांब्याकडे बोट दाखवून "असा का?" म्हटले, तर पाणी निवले तरी चालेल. तांब्या त्याच्या हाती द्या आणि विचारा, "तुला काय वाटतं?"