ग्रासकटर टिकतो कशानें?

पावसाळा सरूं लागला कीं कोंकणांतील आंबा-काजूच्या बागांत बेणणीची घाई सुरू होते. गवत कमरेइतकें वाढलेलें असतें, त्यांत रानमोडी, घाणेरी व करवंदीचे फुटवे. आणि कोयत्यानें बेणणारे गडी वेळेवर मिळत नाहींत. यामुळें ज्याच्या पडवींत ग्रासकटर नाहीं असा बागाईतदार आतां विरळा. परंतु एकाच दुकानांतून घेतलेल्या दोन यंत्रांपैकीं एक सात-आठ हंगाम चालतें व दुसरें दुसऱ्याच वर्षीं मोडींत जातें, असें आपण पाहतों. दोष बहुधा कारखानदाराला किंवा नशिबाला दिला जातो. यंत्र उघडून पाहिल्यास कारण निराळेंच आढळतें. विकत घेतांना आपण अश्वशक्ति विचारतों; पण अश्वशक्तीचा व टिकाऊपणाचा संबंध फार थोडा. यंत्राचें आयुष्य वंगण, स्वच्छ हवा व पात्याचा समतोल यांवर ठरतें, आणि या तीनही गोष्टी बव्हंशीं मालकाच्या हातीं आहेत.

बहुतेक ग्रासकटरांस टू-स्ट्रोक इंजिन असतें. मोटारीच्या इंजिनाप्रमाणें याच्या पोटांत तेलाचा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच त्याचें सर्व वंगण. तें बेअरिंगांवरून व पिस्टनवरून फिरतें आणि शेवटीं जळून धुराबरोबर बाहेर पडतें. काम चालू असतां इंजिन मिनिटाला सात ते दहा हजार फेरे घेतें. इतक्या वेगांत तेलाचा पातळ थर तुटला कीं पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो व तेथेंच धरतो. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असून त्यास आंतून क्रोमचा किंवा निकेलचा कठीण मुलामा दिलेला असतो. तो खोल ओरखडला, तर बोअर करून घेण्याची सोय नाहीं. सिलिंडर व पिस्टन दोन्ही बदलावे लागतात.

हें ज्ञान मीं स्वतः पैसे मोजून घेतलें आहे. माझ्या पडवींत एकाच रंगाचे दोन डबे होते. एकांत मिश्रण, दुसऱ्यांत पंपाच्या इंजिनासाठीं ठेवलेलें नुसतें पेट्रोल. सकाळच्या घाईंत मींच दुसरा डबा ओतला. यंत्र एरव्हींपेक्षां जोरांत चालल्यासारखें वाटलें. थोड्या वेळानें आवाज बारीक होऊन तें बंद पडलें, आणि मग दोरी ओढली तर जागची हालेना. दुरुस्तीचा आंकडा नव्या यंत्राच्या निम्म्या किंमतीजवळ गेला. त्या दिवसापासून मिश्रणाच्या डब्याच्या मुठीला तांबडी चिंधी बांधलेली असते.

तेलाचें प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. १:५० म्हणजे एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल. १:२५ म्हणजे ४० मिलिलिटर. तें झांकणानें अंदाजें ओतूं नये, औषध मोजण्याचें माप ठेवावें. तेल हवेनें थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचेंच हवें; डब्यावर जपानी मानकाचीं ‘जासो एफडी’ हीं अक्षरें असल्यास उत्तम. ‘सगळीं तेलें सारखींच’ असें सांगणारे दुकानदार भेटतात, त्यांजवर विश्वासूं नये. तसेंच दुप्पट तेलानें दुप्पट आयुष्य, हाही भ्रमच. जास्त तेलानें प्लग काळवंडतो व सायलेन्सरच्या तोंडाशीं काजळी धरून शक्ति उतरते. ज्यांचें यंत्र फोर-स्ट्रोक आहे त्यांनीं मात्र पेट्रोलांत तेल मिसळूंच नये. त्या इंजिनाला तेलाची निराळी जागा असते.

पेट्रोलासंबंधींही एक नवी गोष्ट ध्यानांत घ्यावी. सन २०२५ पासून पंपांवरील पेट्रोलांत सामान्यतः २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि कोंकणांत ओलीला काय तोटा! ती प्रमाणाबाहेर गेली कीं इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशीं वेगळा थर धरतात. तेल बहुतांशीं वरच्या पेट्रोलांतच राहतें. इंधन ओढणारी नळी तर तळाशीं असते. म्हणजे मिश्रण मापानें केलें असूनही इंजिनाला वंगणाविना इंधन मिळतें. याकरितां दोन आठवड्यांत संपेल इतकेंच मिश्रण करावें, डबा घट्ट बंद ठेवावा व वापरण्यापूर्वीं हालवावा.

आतां हवा. टू-स्ट्रोक इंजिनांत बाहेरची हवा प्रथम क्रँकच्या कोठींत शिरते व मग सिलिंडरांत जाते. त्यामुळें गाळणींतून सुटलेली धूळ सर्वांआधीं बेअरिंगांस खाते. गाळणीचा स्पंज सतत वापर असतां रोज पाहावा. साबणाच्या पाण्यांत धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचे चार थेंब लावून पिळावा व बसवावा. कागदी गाळणी धुऊं नये, झटकावी. फाटली असल्यास नवी घालावी. ती वांचवून आपण इंजिन घालवितों. सिलिंडरच्या पंखांत अडकलेला गवताचा भुसाही ब्रशानें काढावा, नाहींतर उष्णता कोंडते.

सर्वांत अधिक उपेक्षा होते ती खालच्या गिअरडब्याची. दांडीच्या टोकाशीं दोन लहान दंतचक्रें सर्व ताण सोसतात. बाजूचा स्क्रू काढून २०-२५ तासांच्या कामानंतर ग्रीस भरावें. काम थांबवितांच डबा हात टेकवेना इतका तापला असेल, तर ग्रीस संपलें किंवा बेअरिंग गेलें असें समजावें. पात्याच्या वर गुंडाळलेलें गवत व वेल रोज कापून काढावेत. तेच सील कापतात आणि ग्रीस बाहेर पडतें. पातें जांभ्याच्या दगडावर आपटून वांकलें, किंवा दांते कमीजास्त घांसले गेले, कीं समतोल बिघडून दांडी थरथरते. ती थरथर गड्याच्या मनगटाला जशी बाधते तशीच बेअरिंगालाही बाधते. असें पातें ठोकून सरळ करूं नये, टाकून द्यावें. तडकलेलें पातें फुटून जीवघेणें होतें. पात्याची नट बहुधा उलट्या आट्यांची असते, हें न जाणतां जोर केल्यानें किती आटे मेले असतील!

नायलॉनची दोरी लावतांना पुष्कळजण पुढील झांप काढून ठेवतात. त्या झांपेवरील सुरी दोरी योग्य लांबीवर कापते. ती नसली कीं दोरी लांब राहून इंजिनावर भार पडतो, क्लच घसरून जळतो. जाड झुडपांत अर्ध्या वेगानें पातें रेटल्यासही तेंच होतें. दोरी कोवळ्या गवतास, तीन दांत्यांचें पातें जून गवतास व झुडपांस, आणि लाकडी बुंध्यांना करवती दांत्यांचें पातें, अशी वाटणी ठेवावी.

खरेदीच्या वेळीं पात्याची चकती हातानें हालवून ढिलाई पाहावी, दांडीची नळी जाड आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि क्लच, कार्बोरेटर व गिअरडबा तालुक्याच्या गांवीं सुटे मिळतात काय हें आधीं विचारावें. पाठीवरच्या यंत्राची लवचिक तारही मधून मधून काढून ग्रीस लावण्यास विसरूं नये.

हंगाम संपतांच टाकी रिकामी करून, उरलेलें इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तें चालवावें. नंतर प्लग काढून भोंकांत टू-स्ट्रोक तेलाचे चार-पांच थेंब टाकावे, दोरी हलकेच दोनदां ओढावी, प्लग बसवावा, आणि पातें काढून यंत्र कोरड्या जागीं टांगावें.