जुनी डिझेल मोटार : खरेदीपूर्वीची खातरजमा (लेखांक चौथा)

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बीबी आणि आसपासच्या खेड्यांत सोयाबीनचे पैसे हाती आले की, ज्या कुटुंबांनी आजवर दुचाकीवर आणि एस.टी.वर भागविले त्यांच्या घरांत चारचाकीचा विषय निघतो, आणि नवी गाडी आवाक्याबाहेरची असल्यामुळे तो बहुधा दहाएक वर्षे वापरलेल्या एखाद्या डिझेल डिझायरपाशी किंवा बोलेरोपाशी येऊन थांबतो. ‘डिझेल आहे, ॲव्हरेज चांगले पडते, घेऊन टाका’ असे सांगणारा एखादा आप्त प्रत्येक घरात असतोच.

डिझेलला हा लौकिक मिळाला तो सरकारी दरनियंत्रणाच्या काळात. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास तफावत होती, म्हणून ज्याला फारसे फिरायचे नव्हते त्यानेही डिझेलचीच मोटार नोंदविली; ऑक्टोबर २०१४ मध्ये हे नियंत्रण उठले, तफावत आटत गेली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक निकष लागू होताच मारुतीने डिझेल मोटारी काढणेच बंद केले. आज जुन्या बाजारात उभी असलेली बहुतेक छोटी डिझेल मोटार त्या संपलेल्या धोरणाची उरलेली मिळकत आहे. तिच्यात खरेदीदाराच्या सोयीची एक गोष्ट मात्र आहे : फियाटच्या आराखड्याचे १२४८ सीसीचे एकच इंजिन स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा आणि टाटांच्या काही व्हिस्टा-मांझा यांतही बसविलेले असल्यामुळे ते ओळखणारा फिटर शोधत हिंडावे लागत नाही.

आता हिशेब. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरले, पेट्रोलची मोटार लिटरला १७ आणि डिझेलची २० किलोमीटर चालते असे मानले, तर किलोमीटरमागे सुमारे दीड रुपया वाचतो. लोणारचा बाजार, जालन्याचा दवाखाना, शेगावचे दर्शन आणि लग्नसराई एवढ्यापुरतीच जी गाडी अंगणातून निघणार, तिचे वर्षाला सहा हजार किलोमीटर झाले तर बचत नऊ-साडेनऊ हजारांची. एखाद्या नोझलचे काम निघाले की ती सगळी त्यातच जाते. वर्षाला दहा-बारा हजारांच्या खाली ज्याचे फिरणे आहे, त्याने डिझेलच्या वाटेस जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्याचे फिरणे त्याहून अधिक आहे त्याने गाडी पाहावी, पण कशी पाहावी हे महत्त्वाचे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेटते, आणि म्हणून रिंगा व बोअर झिजून तो दाब गळू लागला की त्याचा पहिला पुरावा थंड इंजिन सुरू करतानाच मिळतो. हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते, त्यामुळे गिऱ्हाईक पोचण्यापूर्वी गाडी गावाबाहेर एक फेरी मारून आणलेली असते. यास्तव सकाळी, कळविलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच जावे, प्रथम बॉनेटवर तळहात ठेवावा, आणि ते गरम लागल्यास चहा घेऊन परतावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. चावी फिरविल्यावर हीटर प्लगचा दिवा विझू द्यावा, मग स्टार्टर मारावा. क्षणभराचा पांढरट धूर क्षम्य आहे. निळसर धूर निघतच राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे, आणि ॲक्सिलरेटर दाबताच काळा लोट उठला तर एअर फिल्टर, नोझल किंवा टर्बो यांपैकी कोठेतरी दोष आहे. इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे : तेथून धुराचे हिसके येऊन झाकण उडू पाहत असेल, तर इंजिन बांधायला आले आहे असे समजून व्यवहार तेथेच सोडावा. (ऑइल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नये, डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळे होते.)

मीटरचा आकडा मागे फिरविता येतो. पेडलांचे रबर, ड्रायव्हरची बसलेली गादी आणि सर्व्हिसची बिले यांची साक्ष अधिक भरवशाची. बोलेरोच्या मागील दाराच्या बिजागऱ्या ढिल्या आणि पायदान गुळगुळीत झालेले असेल, तर खासगी पासिंग असूनही तिने भाड्याचे प्रवासी वाहिले आहेत, असा संशय घेण्यास जागा आहे. टायरवरील चार आकडेही वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असले जुने टायर घेऊन समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या सिमेंटवर चढणे हा अविचार होय.

राहिले दस्तऐवज. सातबाऱ्यावरचा बोजा ज्या नजरेने आपण तपासतो त्याच नजरेने आरसी तपासावी. बँकेचे नाव असल्यास तिचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय इसार देऊ नये. नोंदणीची मुदत १५ वर्षांची, पुढे तपासणी व पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांची, तेव्हा किती वर्षे उरली ते मोजावे. दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात खऱ्या, पण तेथील एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक हा सारा खटाटोप घेणाऱ्याच्या माथी पडतो.

टीटी फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, कोऱ्या सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षे पहिल्याच मालकाच्या नावावर चालविण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती दोघांनाही घातक आहे. दप्तरी ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिला आहे. आणि घेणाऱ्याचे नाव दप्तरी नसेल तर स्वतःच्या गाडीचे नुकसान मागताना विमा कंपनी तोच प्रश्न पुढे करते. म्हणून बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात नाव चढून नवी आरसी हाती पडेपर्यंत ठरलेल्या किमतीचा काही भाग रोखून ठेवावा, आणि ही अट इसारपावतीतच लिहून घ्यावी. विम्याच्या हस्तांतराचा विचार पुढील लेखांकात करू.