‘नीट’ द्यायची आहे. अकरावी-बारावी कुठे करावी?

दहावीचा निकाल लागला की डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलांच्या घरी चर्चा सुरू होते: अकरावी गावातच करायची, पुण्याला जायचं, लातूर गाठायचं की थेट राजस्थानातलं कोटा? बहुतेक घरांत निर्णय होतो तो होर्डिंगवरचे फोटो पाहून किंवा नात्यातल्या कुणाचं ऐकून. दोन वर्षं आणि भरपूर पैसा पणाला लागणार असताना एवढ्यावर विसंबू नये. क्रमाने विचार करूया.

आधी नियम पाहा. सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागा देशपातळीवर भरल्या जातात, 85 टक्के राज्याच्या वाट्याला राहतात. महाराष्ट्राच्या या 85 टक्क्यांसाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. बदलीच्या नोकरीतल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना आणि सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना सवलत आहे. इतरांनी ती गृहीत धरू नये. म्हणजे परराज्यात राहून तिथूनच बारावी दिली, तर चांगले गुण मिळूनही घरच्या राज्यातला मोठा वाटा हातचा जाऊ शकतो. नाव इथल्या कॉलेजात आणि मुलगा वर्षभर बाहेर, हा ‘डमी’ प्रवेशाचा मार्गही धोक्याचा. सीबीएसईचा 75 टक्के हजेरीचा नियम आहे आणि डमी प्रवेशांवर कारवाया झाल्या आहेत. राज्याच्या आत मात्र मोकळीक आहे. विभागवार 70:30 चं सूत्र 2020 मध्ये रद्द झालं, त्यामुळे बारावी लातूरहून केली की नागपूरहून, याने आता फरक पडत नाही.

मग परीक्षा काय मागते ते समजून घ्या. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. त्यात जीवशास्त्राचे 90 प्रश्न, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे 45-45. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. समजा मुलीने 150 प्रश्न सोडवले, 120 बरोबर आले आणि 30 चुकले. 480 मधून 30 गेले, हाती 450. आता हे 30 प्रश्न घेऊन कुणीतरी तिच्याशेजारी बसायला हवं. यातले किती घाईत वाचून चुकले, किती आकडेमोडीत, किती अंदाजाने ठोकले आणि कुठला धडाच कच्चा आहे? सराव परीक्षा सगळीकडे होतात. पेपरनंतरचा हा अर्धा तास जिथे मिळतो, ती जागा चांगली.

या कसोटीवर पर्याय तपासा. लातूरमध्ये राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांपासून नावारूपाला आलेला ‘लातूर पॅटर्न’ नेमाने शिकवणं आणि सततच्या सराव परीक्षा यांवर उभा आहे. भोवती रूम, मेस, अभ्यासिका अशी सगळी सोय आहे. शिस्तीत रमणाऱ्या मुलाला ते वातावरण मानवतं. एकटेपणाने खचणाऱ्याला जड जातं. कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या इंटिग्रेटेड ठिकाणी येण्याजाण्याचा वेळ वाचतो, पण प्रयोगशाळा खरोखर वापरात आहे का, हे आत जाऊन पाहा. बारावीला भौतिक, रसायन, जीव या प्रत्येक विषयात 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि एमबीबीएसच्या पात्रतेसाठी खुल्या गटाला या तीन विषयांत मिळून 50 टक्के, राखीव गटाला 40 टक्के लागतात. घरी राहून जवळचं कॉलेज आणि स्थानिक क्लास हा पर्यायही कमी दर्जाचा नाही. झोप, जेवण आणि आजारपणात घरचं माणूस, याचं मोल दोन वर्षांत चांगलंच कळतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी एक जास्त पाहावं: सुरुवातीचे काही महिने इंग्रजी संज्ञा सावकाश समजावणारे शिक्षक तिथे आहेत का?

प्रवेशाआधी मुलाला घेऊन प्रत्यक्ष जा आणि विचारा. फलकावर 40 नावं असतील तर परीक्षेला एकूण किती बसले होते? त्यांतले रिपीटर किती? एका बॅचमध्ये किती मुलं? शंका विचारायला कोण, किती वाजता भेटतं? शिक्षक वर्षाच्या मध्यात बदलतात का? मधेच सोडलं तर फी किती परत मिळते? शेवटचं उत्तर लेखी घ्या. तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलांशी बाहेर, मेसमध्ये बोला; दिवस कसा जातो ते त्यांच्याकडून खरं कळेल.

शेवटी आपल्या मुलाचा तिथला एक पूर्ण दिवस कागदावर मांडा: कॉलेज, क्लास, प्रवास, जेवण, झोप. यातून स्वतः वाचायला चार तासही उरत नसतील, तर त्या जागेचं नाव कितीही मोठं असो, ती आपल्या मुलासाठी नाही. अभ्यास पक्का होतो तो याच तासांत. ते जिथे शाबूत राहतात, तिथे प्रवेश घ्या.