लाळ आटते तेव्हा

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन घेऊन रुग्ण घरी येतो आणि ज्वारीची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नाही. ‘जीव वाचला ना, मग कोरडीचं काय एवढं?’ असं त्याला ऐकावं लागतं. हा त्याच्यावर अन्याय आहे. पाण्याने तोंड ओलं होतं, पण लाळेचं काम पाणी करत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. तीच घास बांधते, चव जिभेला कळवते, आम्ल सौम्य करते, दात राखते आणि बुरशीला आवरते.

केमोथेरपीची कोरड बहुधा उपचारांनंतर ओसरते. रेडिएशनची मात्र वर्षानुवर्षं राहू शकते, कारण लाळग्रंथी किरणांपुढे फार नाजूक असतात. पहिल्या एकदोन आठवड्यांतच लाळ कमी आणि चिकट होऊ लागते. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथींना किरणांची सरासरी २६ ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) कमी मात्रा मिळाली, तर त्या वर्ष-दोन वर्षांत बऱ्यापैकी सावरू शकतात. आयएमआरटी तंत्रात किरणांचा मारा गाठीवर ठेवून ग्रंथी शक्य तितक्या वाचवता येतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘पारस्पोर्ट’ चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीच्या ७४ टक्के रुग्णांत होती, आयएमआरटीच्या ३८ टक्के. म्हणून ‘माझ्या लाळग्रंथी वाचवता येतील का?’ हे उपचार ठरतानाच विचारावं.

दंतवैद्याकडेही तेव्हाच जावं. किडलेले दात काढायचे तर रेडिएशनच्या आधी, जखम भरायला दोनतीन आठवडे ठेवून. नंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो आणि दात काढल्यावर हाड भरून न येण्याचा धोका असतो. लाळेविना दात झपाट्याने किडतात, त्यामुळे रोजचं फ्लोराइड जेल टाळू नये.

घरी मऊ भात, पातळ वरण, तूप, दुधात कुस्करलेली भाकरी चालते. घोटघोट पाणी आणि खाण्याचा सोडा-मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळा आराम देतात. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. लिंबाने लाळ सुटते खरी, पण आम्ल दात झिजवतं. त्यापेक्षा बिनसाखरेचं च्युइंगम बरं. सुपारी-तंबाखू तर अजिबात नको. ग्रंथी थोडी तरी शाबूत असेल तर पिलोकार्पिन हे औषध लाळ वाढवू शकतं, पण दमा किंवा काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावं. तोंडात पांढरे चट्टे दिसले, आग होऊ लागली, तर ती बुरशी असू शकते. औषधाने ती बरी होते. पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नये.