पाण्यावरचे तण आणि पाण्यात उतरणारा माणूस

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. प्रश्न तहानेचा नव्हता, सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून हक्क सांगण्याचा होता. आज पाणी सर्वांना खुले आहे, असे कायदा सांगतो. पण ते कोणत्या अवस्थेत आपल्या वाट्याला आले, हे कोण विचारणार?

पुण्याची मुळा-मुठा, पिंपरीची पवना, आळंदीची इंद्रायणी पाहा. उन्हाळ्यात नदी दिसत नाही, जलपर्णी दिसते. तिच्याच पंगतीतले दुसरे तरंगते तण म्हणजे साल्व्हिनिया. हे नेचे आहे. शेतकरी गुरांना घालतात त्या अझोलाचे भावंड, पण गुण उलटा. मूळ ब्राझीलचे. याचे बीजाणू वांझ, तरी तुटलेल्या तुकड्यातून ते पुन्हा वाढते आणि पोषक पाण्यात काही दिवसांत दुप्पट होते. थर साचला की खाली ऊन नाही, प्राणवायू नाही, मासा नाही.

केरळात 1950 च्या दशकात ते आले आणि 'आफ्रिकन पायल' म्हणून कुट्टनाडची भातशेती व होड्यांच्या वाटा अडवून बसले. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीवर 1970 च्या दशकात होडीनेच बाजार आणि दवाखाना गाठणारी गावे कोंडली गेली. मासेमारी करणारा गरीबच आधी मेला.

यावर उपाय सापडला, पण उशिरा. वनस्पतीची ओळखच चुकल्याने आधी चुकीचे कीटक सोडले गेले. 1972 मध्ये ही वेगळी जात असल्याचे ठरले, मग तिच्या मूळ प्रदेशात जाऊन दोन मिलिमीटरचा भुंगा शोधला गेला. 1980 मध्ये तो ऑस्ट्रेलियात, 1982 मध्ये सेपिकवर सोडला आणि काही वर्षांत नदी मोकळी झाली. केरळलाही त्यानेच दिलासा दिला. निदान चुकले की औषध चालत नाही, हे चळवळीला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडचे निदान काय? भुंगा तण खाईल, सांडपाणी खाणार नाही. शहरांचा मैला नदीत सोडायचा, त्यावर तण पोसायचे आणि दरवर्षी ते काढायचा ठेका काढायचा! कमरेएवढ्या घाणीत उतरायला माणसे कोणत्या वस्तीतून आणली जातात, हे वाचक जाणतात. 2013 च्या कायद्याने हाताने मैला उपसण्यावर आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर बंदी आली. मग गटार झालेल्या नदीत माणूस उतरवणे कोणत्या न्यायाने चालते?

भोर तालुक्यातील कामथडीसारखी गावे अजून वरच्या अंगाला आहेत. गुंजवणी नीरेला मिळते, नीरा नीरा-नरसिंहपूरला भीमेला. महामार्गालगत हॉटेले आणि प्लॉटिंग वाढले की त्यांचे सांडपाणी उताराने याच नद्यांकडे जाणार. म्हणून ग्रामसभेत आताच विचारा: सांडपाण्याची सोय नसताना बांधकामाला परवानगी कशी? शोभेच्या टाकीतल्या वनस्पती ओढ्यात टाकू देऊ नका. पहिला हिरवा पट्टा दिसताच ओळख पटवा आणि काढा. काम यंत्राने करा. माणूस लागलाच तर त्याला हातमोजे, बूट, विमा आणि पूर्ण मजुरी द्या.

जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मधून तळी-बंधाऱ्यांची योजना सरकारपुढे ठेवली होती. पाणी हा शेतकऱ्याच्या मुक्तीचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले. चवदार तळ्याने हक्क दिला. आता ते पाणी पिण्याजोगे ठेवण्याची लढाई आहे. जयभीम!