धंदा जोरात, तरी गल्ला रिकामा! दिवाळीच्या तिमाहीचं ‘मास्टर बजेट’ कसं बनवतात?

दिवाळीच्या आधी उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दुसरीकडे जीन्सचे गठ्ठे टेम्पोत भरून अंबरनाथ आणि बदलापूरच्या दुकानांकडे निघालेले असतात. बघणाऱ्याला वाटतं, होलसेलवाल्यांची चांदी आहे. पण सगळ्यात जास्त माल विकला जातो, त्याच महिन्यात डिस्ट्रीब्यूटरकडे कामगारांच्या पगाराला पैसे नसतील, असंही होऊ शकतं.

नफा होतोय, मग पैसे जातात कुठे? याचं उत्तर तीन महिने आधीच कागदावर मांडता येतं. त्या कागदाला म्हणतात मास्टर बजेट.

उल्हासनगर आणि उधारीचा धंदा

फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. हातात भांडवल नसलेल्या लोकांनी इथं व्यापार उभा केला. पुढे जीन्स, फर्निचर आणि कापडासाठी हे शहर ओळखलं जाऊ लागलं. आजही इथले पत्ते कॅम्प नंबरवरूनच सांगितले जातात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेवरची एकापुढची एक स्टेशनं. माल तासाभरात पोहोचतो, पैसे यायला महिना लागतो. खरी अडचण इथंच आहे.

मास्टर बजेट म्हणजे काय?

हे एकच बजेट नसतं. विक्री, खरेदी, खर्च, रोकड, नफा-तोटा आणि ताळेबंद यांचे अंदाज एकमेकांत गुंफलेले असतात. विक्रीचा आकडा बदलला की बाकीचे सगळे बदलतात. डिस्ट्रीब्यूटर स्वतः माल बनवत नाही, त्यामुळे कारखान्याच्या बजेटमधला उत्पादनाचा भाग इथे नसतो. त्याच्या जागी खरेदीचं बजेट येतं.

समजा, उल्हासनगरचा एक जीन्स डिस्ट्रीब्यूटर ऑक्टोबर ते डिसेंबरचं बजेट बनवतोय. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आहे. एक जीन्स त्याला ३२० रुपयांना पडते आणि तो ती ४०० ला विकतो. (आकडे उदाहरणापुरते आहेत. हिशोब सोपा राहावा म्हणून जीएसटी बाजूला ठेवलाय.)

पायरी १ : विक्री

दुकानदार दिवाळीचा माल आधीच भरतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये ५,००० नग, नोव्हेंबरमध्ये ३,००० आणि डिसेंबरमध्ये २,००० नग असा अंदाज. म्हणजे २० लाख, १२ लाख आणि ८ लाख. सप्टेंबरची विक्री होती १० लाख.

पायरी २ : खरेदी

जेवढं विकायचं तेवढंच घ्यायचं, असं नसतं. पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या ३० टक्के माल गोडाऊनमध्ये शिल्लक हवा, असा या डिस्ट्रीब्यूटरचा नियम आहे. सूत्र सोपं आहे : महिन्याची विक्री, अधिक अखेरचा साठा, वजा सुरुवातीचा साठा. ऑक्टोबरसाठी ५,००० + ९०० − १,५०० = ४,४०० नग. म्हणजे १४ लाख ८ हजारांची खरेदी. याच सूत्राने नोव्हेंबरची खरेदी ८ लाख ६४ हजार आणि डिसेंबरची ६ लाख ४० हजार येते. जानेवारीतही २,००० नग विकले जातील, असं यात धरलंय.

पायरी ३ : खर्च

गोडाऊनचं भाडं आणि पगार महिन्याला १ लाख २० हजार. टेम्पो आणि कमिशन विक्रीच्या ४ टक्के. ऑक्टोबरमध्ये ५० हजार दिवाळी बोनस. ऑक्टोबरचा एकूण खर्च झाला अडीच लाख.

पायरी ४ : रोकड

दुकानदार २० टक्के रोख देतात, ८० टक्के पुढच्या महिन्यात. डिस्ट्रीब्यूटर मात्र कारखानदाराला निम्मे पैसे त्याच महिन्यात देतो, निम्मे पुढच्या महिन्यात. सप्टेंबरच्या खरेदीचे ५ लाख २० हजार त्याला अजून द्यायचे आहेत. ऑक्टोबरचा हिशोब असा :

- सुरुवातीची शिल्लक : १.५० लाख
- वसुली (ऑक्टोबरचे ४ लाख + सप्टेंबरचे ८ लाख) : १२ लाख
- मालाचे पेमेंट : १२.२४ लाख
- खर्च : २.५० लाख
- महिनाअखेर : उणे १.२४ लाख

आता याच महिन्याचा नफा बघा. २० लाखांवर २० टक्के मार्जिन म्हणजे ४ लाख, वजा खर्च अडीच लाख. नफा दीड लाख! म्हणजे कागदावर दीड लाखाचा नफा आणि गल्ल्यात सव्वा लाखाचा खड्डा. पैसे बुडालेले नाहीत, ते दुकानदारांच्या उधारीत अडकलेत.

नोव्हेंबरमध्ये ऑक्टोबरची उधारी वसूल होते, १८ लाख ४० हजार हातात येतात आणि खड्डा भरून निघतो. डिसेंबरअखेर सव्वासहा लाखांच्या आसपास रोकड उरते.

मग करायचं काय?

खड्डा किती आणि कधी पडणार हे सप्टेंबरमध्येच कळलं, तर पर्याय तुलना करून निवडता येतात. गल्ल्यात किमान १ लाख ठेवायचे असतील, तर बँकेकडून सव्वादोन लाखांची कॅश क्रेडिट लागेल. १२ टक्के दराने महिन्याचं व्याज २,२५० रुपये. दुसरा पर्याय, रोख देणाऱ्या दुकानदाराला २ टक्के सूट. ३ लाखांची उधारी अशी रोखीत आणायची तर ६,००० रुपये जातील. इथे कर्ज स्वस्त पडतं. पण ऐनवेळी बँकेत गेलं तर कर्ज लगेच मिळेलच असं नाही, म्हणून मर्यादा आधी मंजूर करून घ्यावी लागते.

कारखानदाराचे पैसे थकवणं हा पर्याय धोक्याचा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

जीएसटीही खऱ्या बजेटमध्ये धरावाच लागतो. दुकानदाराने पैसे दिले नसले, तरी मासिक रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरायचा असतो.

आणि वसुली लांबली तर?

नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या १६ लाखांच्या उधारीपैकी निम्मी डिसेंबरवर गेली, तर बँकेचा हप्ता राहिला बाजूला, गल्ला पुन्हा १ लाख ६३ हजारांनी उणे होतो. म्हणून जाणकार ‘वसुली निम्मीच झाली तर’ असं दुसरं बजेटही सोबत ठेवतात आणि दर महिन्याला खरे आकडे भरून अंदाज दुरुस्त करतात.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलची एक शीट किंवा वहीची दोन पानं पुरतात. त्यात आधी लिहायचा आकडा विक्रीचा असतो, पण सगळ्यात जास्त वेळा तपासायचा आकडा असतो वसुलीचा.